गवळाऊ गोवंश : ओळखीचा इतिहास व आनुवंशिक चिन्हके

गवळाऊ गोवंश : विदर्भातील पांढरा, चपळ व ओढकामास उपयुक्त असा देशी गोवंश. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा हा भाग त्याचे मूलस्थान मानला जातो. नागपूर जिल्ह्यात व छिंदवाड्याकडेही तो आढळतो. मराठ्यांच्या फौजांचे सामान झपाट्याने वाहून नेण्यासाठी तो जोपासला गेला, अशी परंपरा आहे. जनावराचा हलका बांधा व वेगवान चाल तिच्याशी जुळणारी आहे.

हा गोवंश ओळखावा कसा, हा प्रश्न जुना आहे. आंध्रातील ओंगोलशी त्याचे निकट साम्य असून, ओंगोल भारदस्त तर गवळाऊ सडपातळ, हाच डोळ्यांना दिसणारा मुख्य भेद. जोशी व फिलिप्स यांनी १९५३ मध्ये दोघांना एकाच गटात घातले. मूलस्थानापासून दूर, हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या कापूसपट्ट्यातील गावी, पांढरी गाय गवळाऊ, गावठी की संकरित हे नुसते पाहून सांगणे आणखी कठीण. शुद्ध ठरलेले जनावर पैदाशीसाठी राखले जाते व बाकीचे वगळले जाते. त्यामुळे या निवाड्यातील चूक लहान होत चाललेल्या वंशाला महाग पडते.

रक्ताच्या आधारे भेद शोधण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. हीमोग्लोबिन, ट्रान्सफेरिन इ. प्रथिनांचे प्रकार विद्युत्‌ संचारणाने वेगळे करता येऊ लागले. परंतु तेच प्रकार अनेक जातींत कमीअधिक प्रमाणात सापडत. लॉफ्टस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कलकणिकांतील डीएनएवरून दाखविले की, भारतीय वशिंडाची व यूरोपीय गुरे यांचे मातृवंश लाखो वर्षांपूर्वीच विभक्त झाले होते. मात्र हा डीएनए केवळ आईकडून येतो. गावातील गाईला विदेशी वळूचे रेत भरविल्यास वासराच्या कलकणिकांत त्याची खूणही उरत नाही.

गाईचा जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो ठिकाणांचे एकाक्षरी फरक एकाच चाचणीत वाचणाऱ्या चिप त्याच सुमारास उपलब्ध झाल्या व प्रश्नाचे स्वरूप बदलले. संकरित जनावर ओळखणे आता सोपे झाले. गवळाऊ व ओंगोल यांसारखे जवळचे गट वेगळे करणे अवघडच राहिले. येथे एकच निर्णायक चिन्हक सहसा मिळत नाही. एखादा प्रकार एका गटात थोडा अधिक व दुसऱ्यात थोडा कमी, इतकाच फरक असतो. म्हणून स्यूअल राइट यांच्या विभेदन निर्देशांकाने चिन्हकांचा क्रम लावतात, किंवा ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या यादृच्छिक वनासारख्या अल्गोरिदमला त्यांतून उपयुक्त संच निवडू देतात. निवडलेली चिन्हके एकत्रितपणे जनावराचा गट सांगतात.

यात एक फसगत संभवते. चिन्हके हजारो व जनावरे थोडी असली की, योगायोगाने जुळणारी चिन्हकेही अल्गोरिदम निवडतो. सर्व नमुने एकाच प्रक्षेत्रावरील, एकाच वळूच्या संततीचे असतील, तर तो जात नव्हे, कुटुंब ओळखावयास शिकतो. म्हणून निवडीत न वापरलेल्या, वेगवेगळ्या गावांतील जनावरांवर संच पारखावा लागतो. आर्वीबरोबर अल्लीपूरच्या गोठ्यातील नमुनाही तितकाच मोलाचा ठरतो. गुणवत्ता सांगणे हे मात्र या चिन्हकांचे काम नव्हे. जनावराचे दूध किंवा ओढ त्यांवरून ठरत नाही.

आरंभीच्या चिपवरील बहुतेक चिन्हके यूरोपीय जातींतून निवडलेली असल्याने भारतीय गुरांतील विविधता त्यांत अपुरी दिसे. ही उणीव भरून काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय प्राणी जैवतंत्रज्ञान संस्थेने ११,४९६ चिन्हकांची ‘इंडिगऊ’ ही चिप तयार केली. ती २०२१ मध्ये जाहीर झाली. गाईंसाठी ‘गौचिप’ व म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी विदर्भातच, वाशीम येथे झाले.