न झालेली सलामी : वुड्रो विल्सन आणि मेक्सिकोची लोकशाही

फेब्रुवारी १९१३. मेक्सिको सिटीत दहा दिवस तोफा धडाडत होत्या. त्या थंडावल्या तेव्हा लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष फ्रान्सिस्को मादेरो कैदेत होते आणि त्यांचाच सेनापती व्हिक्टोरियानो हुएर्ता सत्तेवर बसला होता. २२ तारखेच्या रात्री, तुरुंगात हलवण्याच्या मिषाने मादेरो आणि उपाध्यक्ष पिनो सुआरेझ यांना बाहेर काढून ठार करण्यात आले. मादेरोंनंतर सत्ता कोणी घ्यावी, याचा करार चार दिवस आधी झाला होता, तो अमेरिकेच्या वकिलातीत, राजदूत हेन्री लेन विल्सन यांच्या मध्यस्थीने. हा तपशील मेक्सिकन जनता विसरली नाही.

४ मार्चला वॉशिंग्टनमध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. (राजदूतांशी नाते नाही, आडनाव तेवढे एक.) राज्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थाला हुएर्ताची किळस आली. ज्याच्या हाती प्रत्यक्ष कारभार, त्याला मान्यता, ही जेफरसनच्या काळापासूनची अमेरिकन रीत. विल्सन यांनी ती मोडली : खुनातून आलेल्या सत्तेला मान्यता नाही. ब्रिटनने मात्र ती देऊन टाकली. मेक्सिकोच्या तेलात त्याचे मोठे हितसंबंध होते.

विल्सन यांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. हुएर्ताला मान्यता द्या, असा आग्रह अमेरिकन भांडवलदारच धरत होते आणि विल्सन त्यांना बधले नाहीत. हेतू बऱ्यापैकी निर्मळ होता, म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे.

ऑगस्टमध्ये त्यांनी मिनेसोटाचे माजी गव्हर्नर जॉन लिंड यांना खास दूत म्हणून पाठवले. लिंड यांना स्पॅनिश येत नव्हते. मागण्या अशा : तत्काळ युद्धबंदी, लवकर आणि मुक्त निवडणूक, निकाल सर्वांना मान्य, आणि हुएर्ता स्वतः उमेदवार नसावा.

उत्तर लिहिले परराष्ट्रमंत्री फेदेरिको गाम्बोआ यांनी, ‘सांता’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की एकदा हा सल्ला मानला, तर यापुढे मेक्सिकोची प्रत्येक अध्यक्षीय निवडणूक अमेरिकेच्या अध्यक्षाच्या नकाराधिकाराखाली येईल. माणूस हुकूमशहाच्या चाकरीत होता, तरी युक्तिवाद बिनतोड होता. निवडणूक मुक्त हवी आणि उमेदवार कोण नसावा हे शेजाऱ्याने ठरवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. ऑक्टोबरात हुएर्ताने संसद बरखास्त करून शंभरावर प्रतिनिधींना गजाआड केले, तेव्हा हुकूमशहाचे स्वरूप उघडे पडले. पण त्यामुळे गाम्बोआंचा मुद्दा खोटा ठरला नाही.

मग ९ एप्रिल १९१४. टॅम्पिको बंदरात पेट्रोल आणायला उतरलेल्या काही अमेरिकन खलाशांना मेक्सिकन शिपायांनी पकडले. चूक लगेच ध्यानात आली, खलाशी सुटले, माफीही मागितली गेली. तरी अ‍ॅडमिरल मेयो अडून बसले : अमेरिकन ध्वजाला २१ तोफांची सलामी हवी. हुएर्ता म्हणाला, देतो, पण तुम्हीही आमच्या ध्वजाला द्या. परतीची सलामी म्हणजे मान्यताच झाली असती! ज्या सरकारचे अस्तित्वच अमेरिकेला मान्य नव्हते, त्याच्याकडून ती अधिकृत मानवंदना मागत होती.

तेवढ्यात ‘इपिरांगा’ हे जर्मन जहाज हुएर्तासाठी शस्त्रे घेऊन व्हेराक्रूझकडे येत असल्याची बातमी आली. २१ एप्रिलला अमेरिकन सैनिक तिथे उतरले. प्रतिकार होणार नाही, असा अंदाज होता. हुएर्ताची नियमित फौज खरोखरच मागे हटली. लढले ते नौदल विद्यालयाचे कोवळे विद्यार्थी आणि शहरातले सामान्य लोक. वीसच्या आसपास अमेरिकन आणि किमान दीडशे मेक्सिकन मेले. जहाज मात्र पुढे दुसऱ्या बंदरात गेले आणि शस्त्रे तिथे सुखरूप उतरली.

याहून मोठा धक्का वेनुस्तियानो कारांझा यांनी दिला. हुएर्ताचे ते कट्टर वैरी. विल्सन ज्यांच्या बाजूने उतरले, असे समजले जाई त्या घटनावाद्यांचे प्रमुख. त्यांनीच आक्रमणाचा निषेध करून सैन्य परत नेण्याची मागणी केली. बंडखोरांच्या बड्या सेनानींत सौम्य सूर लावला तो पांचो व्हिया यांनीच. कारांझा यांना दुसरा मार्गही नव्हता : परक्या बंदुकीच्या आडून सत्तेवर आलेला माणूस, हा डाग कोणत्याही लोकशाहीवाद्याला परवडणारा नव्हता.

व्हेराक्रूझमध्ये जनरल फन्स्टन यांनी कारभार चोख केला. बाजार धुतले, गटारे साफ केली, डासांवर मोहीम काढली. पण पालिकेचे मेक्सिकन कर्मचारी कामावर येईनात. आक्रमकाची चाकरी करणे त्यांच्या कायद्याने गुन्हा होता.

हुएर्ता १५ जुलैला गेला. बंदराच्या जकातीचे उत्पन्न बुडाल्याने त्याची कोंडी झाली, हे खरे. पण त्याची कंबर मोडली ती जूनमध्ये झाकातेकास येथे, व्हिया यांच्या फौजेने. त्या फौजांना शस्त्रखरेदीची मोकळीक विल्सन यांनी फेब्रुवारीतच दिली होती. म्हणजे जे उपयोगी पडले, ते एकही सैनिक न उतरवता झाले होते. २३ नोव्हेंबरला अमेरिकन सैन्य व्हेराक्रूझ सोडून गेले. २१ तोफांची सलामी कधीच झडली नाही.

पुढे विल्सन यांनी कारांझांना मान्यता दिली, दुखावलेल्या व्हियांनी मार्च १९१६ मध्ये न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर हल्ला चढवला आणि जनरल पर्शिंग यांची फौज पुन्हा सीमा ओलांडून आत शिरली. व्हिया तिच्या हाती लागले नाहीत. तिची अखेरची तुकडी ५ फेब्रुवारी १९१७ रोजी परतली. त्याच दिवशी केरेतारो शहरात मेक्सिकोची नवी राज्यघटना जाहीर झाली. तिच्या २७ व्या कलमाने जमिनीखालचे तेल आणि खनिजे राष्ट्राच्या मालकीची केली.