कुलूप नेमके कोणाचे? 'होस्ट्स' नावाच्या फाइलचा इतिहास

२६ जानेवारी २००४ रोजी 'मायडूम' नावाचा संगणकीय किडा ईमेलवाटे जगभर पसरू लागला. दोनच दिवसांनी त्याची दुसरी आवृत्ती सापडली. ती पहिलीइतकी फैलावली नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने दुसरीच अधिक बोलकी आहे. घरात शिरताच ती सर्वप्रथम वैद्याच्या घराकडे जाणारी वाट बुजवीत असे. संगणक चालू, इंटरनेट चालू, बातम्यांची पाने उघडत आहेत; न उघडणारी होती ती साठाहून अधिक सुरक्षा कंपन्यांची संकेतस्थळे. मायक्रोसॉफ्टचे संकेतस्थळही त्यांतच. आजार कळला तरी औषध उतरवून घेण्याची सोय उरत नसे. आणि हे सारे साधले होते एक किलोबाइटही न भरणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काही ओळी घालून. त्या फाइलचे नाव 'होस्ट्स'. तिला पुढचे प्रत्ययनाम, म्हणजे एक्स्टेन्शनसुद्धा नाही.

ही फाइल विंडोजपेक्षा जुनी, वेबपेक्षा जुनी, किंबहुना इंटरनेट हे नाव रूढ होण्याच्याही आधीची आहे.

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले, तेव्हा जोडलेली यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. यंत्राला यंत्राचा क्रमांक पुरतो, माणसाला मात्र नाव लागते. म्हणून प्रत्येक केंद्र नावे आणि क्रमांक यांची आपापली यादी बाळगू लागले. त्यातून व्हायचे तेच झाले. एका केंद्राच्या यादीत जे नाव, ते दुसऱ्याच्या यादीत नाही. एकाची यादी ताजी, तर दुसऱ्याची शिळी. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी 'आरएफसी ६०६' या टिपणात या गोंधळावर बोट ठेवले आणि सर्वांसाठी एकच अधिकृत यादी ऑनलाइन ठेवावी असे सुचवले. पुढच्याच महिन्यात 'आरएफसी ६०८' ने ती कल्पना उचलून धरली.

यादी ठेवण्याचे काम कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आले. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. शिक्षण रसायनशास्त्राचे, टोपणनाव 'जेक'. नवे यंत्र जोडले की त्याची वर्दी त्यांच्या केंद्राला द्यायची, केंद्राने ती 'होस्ट्स.टीएक्सटी' या फाइलीत नोंदवायची आणि उरलेल्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. खेड्यातल्या दप्तरात जशी एकच मूळ वही असते आणि बाकीच्यांकडे तिच्या नकला, तशी ही व्यवस्था. तिचा सारा भार विश्वासावर होता. नक्कल कोणी मुद्दाम बिघडवील, ही शंका त्या काळी फारशी कोणाला शिवली नसावी. एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींचे ते जाळे होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये या यादीत २१३ यंत्रे होती. ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२. ऑक्टोबर १९८४ मध्ये हजाराचा आकडा ओलांडला. एकच वही सगळ्यांनी वारंवार उतरवून घेणे आता पेलवेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी 'डोमेन नेम सिस्टिम'चा, म्हणजे आजच्या डीएनएसचा आराखडा मांडला: यादी एका ठिकाणी न ठेवता जबाबदारी वाटून द्यायची आणि नाव लागेल तेव्हा विचारून घ्यायचे. वास्तविक येथेच जुन्या फाइलचे काम संपायला हवे होते.

पण व्यवस्थापकांना ती सोयीची वाटली. डीएनएस बंद पडले तर हाताशी असावी, कार्यालयातल्या दोनचार यंत्रांना घरगुती नावे द्यायला उपयोगी पडावी, म्हणून युनिक्समध्ये ती 'इटीसी' या फोल्डरात राहिली. विंडोज एनटीने तीच परंपरा स्वीकारली; म्हणून आजही विंडोजमध्ये ती 'सिस्टिम३२'च्या आत 'ड्रायव्हर्स'मध्ये आणि त्याच्याही आत 'इटीसी' नावाच्या फोल्डरात सापडते. राजधानी हलली, तरी जुन्या कचेरीची पाटी तशीच लटकत राहावी, तसे ते नाव आहे. मात्र फाइलचा मान अबाधित राहिला. संगणक बाहेरच्या डीएनएसला विचारण्याआधी या घरातल्या फाइलचा शब्द मानतो. फाइल म्हणाली की अमुक नावाचा क्रमांक ०.०.०.०, तर तो शब्द अंतिम. बाहेर कोणी विचारायला जात नाही.

चोरांनी हेरले ते नेमके हेच.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. घरगुती वापरकर्त्याचे खाते त्यात सहसा प्रशासकाचे असे. याचा अर्थ असा की त्याने चुकून उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या आपोआप येत. २००३ च्या सुमारास 'कूलवेबसर्च' या उपद्रवी कुळातील काही प्रकारांनी होस्ट्समध्ये ओळी घालून शोधयंत्राकडे निघालेल्या माणसाला भलत्याच दारात नेऊन सोडायला सुरुवात केली. कोणी बँकेच्या नावापुढे आपल्याच यंत्राचा क्रमांक लिहिला: पत्ता अक्षरशः बरोबर टाइप केलेला, तरी पान खोटे. मायडूमने तोच उपाय औषधाची वाट अडवायला वापरला. त्याच जानेवारी २००४ मध्ये भारतात 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था कामाला लागली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुण्यात तर कैलास आणि संजय काटकर या बंधूंचा संगणकदुरुस्तीतून वाढलेला विषाणूनाशकाचा व्यवसाय तोवर चांगला रुळला होता.

आता कुलूप. ओळी पुसून टाकल्या की झाले, असे वाटते. पण फाइल लिहूच देत नसे. हा नकार तीन निरनिराळ्या जागांहून येऊ शके, आणि या तीन जागा वेगळ्या करता येणे हीच त्या काळच्या दुरुस्तीची खरी विद्या होती.

पहिली जागा म्हणजे फाइलवरचा शिक्का: 'केवळ वाचनीय', 'लपलेली', 'प्रणालीची'. हा शिक्का पुसायला डॉसच्या काळापासून चालत आलेली 'ॲट्रिब' आज्ञा पुरे. दुसरी जागा परवानग्यांची. एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत कोणी काय करावे याची यादी प्रत्येक फाइलला जोडलेली असते. त्या यादीत प्रशासकालाच मनाई लिहिली, तर घरमालक उंबरठ्याबाहेर. तेथे आधी फाइलची मालकी परत घ्यायची आणि मग परवानगी द्यायची, हा क्रम उलटवून चालत नसे. तिसरी जागा सर्वांत चिवट: फाइल कोणीतरी उघडून धरलेली असणे. युनिक्समध्ये उघडी फाइलसुद्धा नावानिशी काढून टाकता येते. विंडोजमध्ये उघडणाऱ्याने वाटणी नाकारली असेल, तर दुसऱ्याला हात लावता येत नाही. अशा वेळी सेफ मोडमध्ये जायचे, कारण तेथे किडा सहसा जागा झालेला नसतो. किंवा पुढच्या आरंभी ही फाइल हलवावी, अशी चिठ्ठी रजिस्ट्रीत ठेवायची. इतर कोणी उठण्यापूर्वी विंडोज ती वाचून काम उरकते. आणि धरून ठेवणारी प्रक्रिया जिवंत असताना फाइल कितीही वेळा स्वच्छ केली, तरी काही क्षणांत जुन्या ओळी पुन्हा हजर. चोर घरात असताना कुलूप बदलण्यासारखाच तो प्रकार.

या कामाचे प्रसिद्ध हत्यार 'हायजॅकधिस'. मेराइन बेलेकॉम या डच विद्यार्थ्याने ते बनवले. रजिस्ट्री, ब्राउझर आणि होस्ट्स धुंडाळून ते एक लांबलचक यादी काढून देई. तिच्यात होस्ट्समधल्या संशयास्पद ओळी 'ओ१' या खुणेने येत. काय चांगले आणि काय वाईट, हे मात्र ते सांगत नसे. निवाडा वाचणाऱ्याचा. २००७ मध्ये ते ट्रेंड मायक्रोकडे गेले. होस्ट्सवर लिहिता येत नसेल, तर ते तशी सूचना दाखवी, आणि ती पाहून अनेकांच्या पोटात गोळा येई.

तो गोळा पुष्कळदा अनाठायी असे. ३० जानेवारी २००७ रोजी ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने एक्सपीतली ढिलाई संपवली: प्रशासकाच्या खात्यातून चालवलेला प्रोग्रॅमही आता डोळे झाकून सर्वाधिकारी राहिला नाही. जुने हत्यार नेहमीसारखे दोनदा टिचकी मारून उघडले, की त्याला होस्ट्स लिहिण्यास नकार मिळे. कुलूप किड्याचे नव्हते, खुद्द विंडोजचे होते. उजवी टिचकी मारून 'प्रशासक म्हणून चालवा' एवढे निवडले की काम होई. दुसरीकडे 'स्पायबॉट' हे लोकप्रिय संरक्षक साधन अपहरणकर्त्यांपासून बचाव म्हणून होस्ट्सला स्वतःच 'केवळ वाचनीय' करण्याची सोय देत असे. चोर आणि पहारेकरी दोघेही एकाच दाराला एकाच बनावटीचे कुलूप लावत होते. बाहेरून पाहणाऱ्या घरमालकाला ते कसे ओळखू यावे?

याहून धूर्त एक डाव होता. होस्ट्स कोणत्या फोल्डरात शोधायची, हे रजिस्ट्रीतील 'डेटाबेसपाथ' नावाची नोंद ठरवते. ती नोंदच बदलली, तर नेहमीच्या जागी स्वच्छ, निरागस फाइल दिसत राहते आणि संगणक भलतीचीच आज्ञा पाळतो. नकली वही पुढे मांडून ठेवण्याची ही रीत, इतिहासाच्या अभ्यासकाला बनावट सनदांची आठवण करून देणारी.

पुढे चोरी फाइलीतून निघून विचारण्याच्या वाटेवरच गेली. 'डीएनएसचेंजर'ने संगणकाच्या डीएनएसच्या मांडणीतच बदल केला. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी उघड केली, तेव्हा बाधित संगणकांचा अंदाज शंभर देशांत मिळून ४० लाख होता. बनावट सर्व्हर एकाएकी बंद केले असते तर या सर्वांचे इंटरनेटच थांबले असते. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. त्याच वर्षी विंडोज ८ मधील डिफेंडर होस्ट्समधल्या काही नोंदी आपणहून पुसत असल्याचे दिसून आले, आणि त्यात जाहिराती अडवण्यासाठी वापरकर्त्यांनी स्वतः घातलेल्या ओळीही होत्या.

फाइल अजून तिथेच आहे. विंडोज ११ मध्ये ती उघडली, तर वर १९९३ पासूनचा स्वामित्वहक्क दिसतो आणि खाली 'ऱ्हायनो' या नावाने सुरू होणाऱ्या एका काल्पनिक यंत्राची नमुन्याची ओळ. प्रत्येक ओळीच्या आरंभी टिप्पणीची खूण आहे, म्हणजे संगणकाने त्यातली एकही ओळ वाचायची नाही. नव्या संगणकात ही फाइल पूर्णपणे मुकी असते.