ब्रॅकिलॅगस
लॅगोमॉर्फा गणाच्या लेपोरिडी कुलातील ही सशांची एक प्रजाती असून तीत आज ब्रॅकिलॅगस आयडाहोएन्सिस ही एकच जाती जिवंत आहे. उत्तर अमेरिकेतील सर्वांत लहान असा हा खुजा ससा अ. सं. सं.च्या पश्चिम भागातील ग्रेट बेसिन व लगतच्या कोरड्या प्रदेशांत आढळतो. त्याची लांबी सु. २३–३० सेंमी. असून वजन सामान्यतः अर्ध्या किग्रॅ.पेक्षा कमी भरते. हिवाळ्यात तो जवळजवळ सर्वस्वी सेजब्रश या झुडपावर उपजीविका करतो. महाराष्ट्रातील दवणा ही याच झुडपाच्या आर्टेमिसिया प्रजातीतील वनस्पती होय.

क्लिंटन हार्ट मेरिअम यांनी आयडाहो राज्यातील पासिमेराय खोऱ्यातून मिळालेल्या नमुन्यावरून १८९१ मध्ये या जातीचे वर्णन केले. त्या काळी उत्तर अमेरिकेतील बहुतेक ससे लेपस या एकाच विस्तृत प्रजातीत घालीत; म्हणून तिला लेपस आयडाहोएन्सिस असे नाव मिळाले. १९०० मध्ये गेरिट मिलर यांनी तिच्यासाठी लेपसमध्ये ब्रॅकिलॅगस (ग्रीक अर्थ आखूड ससा) ही उपप्रजाती कल्पिली. मार्कस लायन यांनी सांगाड्यांच्या तुलनेवरून १९०४ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. तथापि रेमंड हॉल यांच्यासारख्या सस्तनप्राणिवैज्ञानिकांनी पुढे तिचा अंतर्भाव सिल्व्हिलॅगस या कॉटनटेल सशांच्या प्रजातीत केला.

लहान आकार हे एकटे लक्षण वर्गीकरणास पुरेसे नसते. परिस्थितीनुसार तो निरनिराळ्या वंशांत उद्‌भवू शकतो. परंतु या सशाच्या दातांवरील एनॅमलाच्या वळ्या कॉटनटेलहून वेगळ्या आहेत. शेपटीची खालची बाजू पांढरी नसते आणि तो स्वतःची बिळे स्वतः खोदतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ब्रॅकिलॅगस व सिल्व्हिलॅगस हे निकटचे, पण भिन्न वंश ठरले. त्यामुळे लायन यांचे मत आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

या निर्णयाचे महत्त्व केवळ नामकरणापुरते नाही. एकच जाती उरलेल्या प्रजातीत ती जाती नष्ट झाल्यास संपूर्ण वंशशाखा खुंटते. शेती, वणवे इत्यादींमुळे सेजब्रशची राने तुटत गेली. वॉशिंग्टन राज्याच्या कोलंबिया खोऱ्यातील, इतरांपासून हजारो वर्षे अलग राहिलेला गट २००१ मध्ये तातडीने संकटग्रस्त म्हणून घोषित करावा लागला. बंदिवासात त्याची वीण अल्प झाल्याने आयडाहोतील सशांशी संकर करण्यात आला. शुद्ध वंशाचा अखेरचा ससा २००८ मध्ये मरण पावला. त्या गटाचा वारसा आता संकरित संततीतच टिकून आहे.