स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील चुन्याचा गिलावा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील जुन्या घराची भिंत दोन फूट किंवा त्याहून जाड असते. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला ओबडधोबड दगडांचा एकेक थर रचतात आणि मधला गाभा कपच्या, माती व चुना यांनी भरतात. दगड गावाजवळ मिळेल तो. फाइफ परगण्यात वालुकाश्म, ॲबरडीनकडे ग्रॅनाइट, अनेक ठिकाणी काळा, जड अग्निजन्य दगड. घडीव दगड कोपऱ्यांना आणि दारे-खिडक्यांच्या चौकटींना वापरत, कारण सगळी भिंत घडीव दगडाची करणे सामान्य कोळ्याला किंवा विणकराला परवडणारे नव्हते. अशा भिंतीत दगडांइतक्याच महत्त्वाच्या असतात त्यांच्यामधल्या सांधी, आणि पाणी शिरते ते मुख्यतः तिथूनच.

या किनाऱ्यावर पाऊस सरळ पडत नाही. अटलांटिकवरून येणारा वारा तो आडवा करून भिंतीवर आणतो. पूर्वेला एडिंबरामध्ये वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेच्या डोंगराळ भागात काही ठिकाणी तो ३,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. थंडी मात्र समजूत असते तितकी कडक नसते, आणि खरी अडचण तीच आहे. उत्तर युरोपच्या अंतर्भागात हिवाळाभर सगळे गोठलेले राहते. समुद्रामुळे सौम्य झालेल्या स्कॉटिश हिवाळ्यात तापमान शून्य अंशाच्या वर-खाली पुन्हा पुन्हा जाते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. भिजलेल्या दगडातले पाणी रात्री गोठते, दुपारी वितळते, आणि दर खेपेला दगडाचा पापुद्रा थोडा सैल होतो. त्यात समुद्राच्या तुषारांतून आलेले मीठ भिंतीत मुरते. भिंत सुकू लागली की दगडाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड आतून भुगा होत जातो. पाऊस, दहिवर आणि मीठ यांपैकी एकेकटे भिंतीला सोसवते. तिन्ही एकत्र आले की मऊ वालुकाश्माची भिंत एका माणसाच्या हयातीत झिजलेली दिसते.

हेब्रिडीज बेटांवर यावर एक जुना तोडगा होता. लुईस बेटावरच्या ‘ब्लॅकहाउस’ नावाच्या घरांना चुना लागतच नसे. कोरड्या दगडांच्या दोन भिंती, मध्ये माती, आणि छपराची कड बाहेरच्या नव्हे तर आतल्या भिंतीवर टेकवलेली. वळचण नसल्याने वाऱ्याला छप्पर उचलायला जागा मिळत नसे आणि छपरावरचे पाणी भिंतीच्या मधल्या मातीत जिरत असे. ओलसर माती वारा अडवी आणि पाणी हळूहळू खाली उतरे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी या घरांना गलिच्छ ठरवले, पण त्या वाऱ्यात ती टिकली. आर्नोल गावातल्या अशा एका घरात १९६०च्या दशकापर्यंत माणसे राहत होती. आता ते संग्रहालय आहे.

मुख्य भूमीवर मात्र चुन्याचाच आधार होता. तिथल्या बाहेरच्या गिलाव्याला ‘हार्लिंग’ म्हणतात. दगडी भिंतीच्या मोठ्या सांधी आधी लहान कपच्या ठोकून बुजवल्या जात. मग चुना, जाडी वाळू आणि बारीक खडी यांचे सैलसर मिश्रण गवंडी थापीने भिंतीवर जोरात फेकत असे. गिलावा हाताने लिंपण्याऐवजी फेकण्यामागे हिशेब होता. जोराने बसलेले मिश्रण खोबणींत घट्ट शिरते, आत हवा अडकत नाही, आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो. खडबडीत पृष्ठभागावर पाण्याचा एकसंध ओघळ होत नाही, आणि सुकण्यासाठी हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढते. त्यावर पातळ चुन्याचे अनेक हात देत. त्यात कधी चरबी मिसळत, म्हणजे पाणी झटकले जाई. कधी पिवळी किंवा तांबडी माती घालून रंग आणत. फोर्थच्या खाडीवरील कलरॉस गावात जॉर्ज ब्रूस या कोळशाच्या व्यापाऱ्याने १५९७ ते १६११ या काळात बांधलेला वाडा आजही अशाच गडद पिवळ्या रंगाचा आहे.

हा गिलावा पाणी पूर्णपणे अडवत नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नव्हती. पावसात तो थोडे पाणी शोषून घेतो आणि वारा सुटला की बाहेर सोडून देतो. दगडापेक्षा तो मऊ आणि सच्छिद्र असल्याने मीठ आणि गोठण यांचा मारा त्याच्यावर पडतो, दगड वाचतो. गिलावा झिजणार हे गृहीतच असे. पांढऱ्या हातांचे काम काही वर्षांनी पुन्हा करायचे आणि गिलाव्याची पडझड वेळच्या वेळी दुरुस्त करायची, हा घर चालवण्याच्या नेहमीच्या खर्चाचा भाग होता.

चुना मिळवणे सोपे नव्हते. स्कॉटलंडमध्ये चुनखडी तुरळक आहे. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत. बारा बेटावरच्या त्राय व्होर या विस्तीर्ण पुळणीवरच्या शिंपल्यांचा चुरा तर विसाव्या शतकातही हार्लिंगसाठी पाठवला जाई. त्याच पुळणीवर आज भरती-ओहोटीची वेळ पाहून विमाने उतरतात. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. पुष्कळ जुन्या कामांत कळीचा चुना आधी विरवून न ठेवता वाळूबरोबरच भिजवत आणि मिश्रण गरम असतानाच वापरत. जुन्या गिलाव्यात दिसणारे पांढरे खडे हे त्याचेच चिन्ह. भिंतीवर बसल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगडासारखा होतो, पण फार सावकाश. तोवर दहिवर पडले तर सगळे काम उखडते. म्हणून हार्लिंगचा हंगाम वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि ओल्या गिलाव्यावर गोणपाट टाकून त्याला ऊन-वाऱ्यापासूनही जपावे लागे.

चुन्याचा मोठा कारखाना अठराव्या शतकात उभा राहिला. एल्गिनचे पाचवे अर्ल चार्ल्स ब्रूस यांनी फोर्थच्या काठी चार्ल्सटाउन हे गावच चुन्यासाठी वसवले. तिथे ओळीने १४ भट्ट्या होत्या. जवळच चुनखडी, जवळच कोळसा आणि भट्ट्यांच्या पायथ्याशी बंदर, त्यामुळे चुना जहाजाने किनाराभर जाई. त्यातला पुष्कळसा शेतजमिनीचा आंबटपणा घालवण्यासाठी वापरला जाई, उरलेला बांधकामात. हे घराणे मराठी वाचकाला वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. मुंबई-पुण्यात प्लेग आला आणि १८९७चा साथरोग कायदा झाला तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले नववे अर्ल ऑफ एल्गिन याच घराण्यातले.

चुन्याच्या जागी दुसरे काही शोधण्याची निकड आधी समुद्रातच भासली. जॉन स्मीटन यांनी एडिस्टोनचा दीपस्तंभ बांधताना, १७५६च्या सुमारास, मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो हे प्रयोगांनी दाखवले. १७९६ साली जेम्स पार्कर यांनी ‘रोमन सिमेंट’चे पेटंट घेतले आणि १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी ‘पोर्टलंड सिमेंट’चे. लाटांत उभ्या राहणाऱ्या बांधकामाला असा पदार्थ हवाच होता. राहत्या घराच्या भिंतीला तो हवा होता का, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

त्याआधी आवडीनिवडी बदलल्या. एकोणिसाव्या शतकात उघड्या दगडाचे वेड आले. ओबडधोबड भिंत म्हणजे प्राचीनपण, अशी समजूत रूढ झाली आणि किल्ले, चर्च व घरे यांवरचे गिलावे खरवडून काढले गेले. ज्या दगडांना कधी ऊन-पाऊस दाखवायचाच नव्हता ते उघडे पडले. चर्चवरचा गिलावा खरवडण्याच्या या प्रकारांवर चिडून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, पण लोकांची आवड संस्थेने बदलत नाही. आजही स्कॉटलंडमध्ये अनेक पर्यटकांना उघड्या दगडाचा किल्लाच ‘खरा’ वाटतो.

विसाव्या शतकात गिलावा परत आला, पण सिमेंटचा. तो हवामानाची वाट पाहत नाही, लवकर घट्ट होतो, आणि महायुद्धांनंतर चुन्याचे काम जाणणारे गवंडीही कमी झाले होते. ओल्या सिमेंटवर कोरडी खडी फेकलेल्या करड्या भिंती नव्या वसाहतींमध्ये सर्वत्र दिसू लागल्या. विटांच्या नव्या पोकळ भिंतींवर त्याने फार बिघडले नाही. जुन्या दगडी भिंतीवर बिघडले. अशी भिंत बारीकशी हलत असते. कडक सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर येण्याची वाट बंद असते. भिंत भिजत राहते, आतल्या लाकडी तुळयांची टोके कुजतात, घर थंड पडते. बाहेरून गिलावा मात्र ठणठणीत दिसतो. उपाय म्हणून पुन्हा सिमेंटचेच ठिगळ लावले जाई, किंवा पाणी झटकणारे रसायन मारले जाई.

सिमेंटचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जुन्या घराचे नाही. क्लाइडच्या खाडीवरील हेलेन्सबर्ग येथे चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी १९०२ ते १९०४ या काळात प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी यांच्यासाठी ‘हिल हाउस’ बांधले. जुन्या स्कॉटिश हार्लिंगचे रूप त्यांनी घेतले, पण चुन्याऐवजी पोर्टलंड सिमेंट वापरले आणि पाणी भिंतीपासून दूर टाकणाऱ्या कडाही अनेक ठिकाणी ठेवल्या नाहीत. घराला ओल लागली ती पुढे गेलीच नाही. १९८२ पासून घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. दुरुस्त्या करून थकल्यावर २०१९ मध्ये ट्रस्टने सबंध घराभोवती पोलादी सांगाडा उभारला. वर छप्पर, चारही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या कड्यांची जाळी. जाळी पाऊस अडवते आणि वारा जाऊ देते, म्हणजे भिंत सुकू शकते. कोकणात पावसाळ्याआधी भिंतीला बांधतात ती झड आणि ही जाळी यांचे काम एकच. फरक इतकाच की झड दरवर्षी उतरते आणि ही काही वर्षांसाठी राहणार आहे.

चुन्याकडे परतण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. चार्ल्सटाउनच्या भट्ट्या १९५६ मध्ये बंद पडल्या होत्या. त्याच गावात १९९४ मध्ये स्कॉटिश लाइम सेंटर ट्रस्ट स्थापन झाला आणि गवंड्यांना चुन्याचे काम पुन्हा शिकवू लागला. स्टर्लिंगच्या किल्ल्यातल्या भव्य सभागृहाला १९९९ पर्यंत चुन्याचा गिलावा आणि सोनेरी-पिवळा हात देण्यात आला. जुन्या रंगाचा पुरावा भिंतीवर सापडला होता, तरी करड्या दगडाला सरावलेल्या अनेकांनी नाके मुरडली. ॲबरडीनशायरमधल्या १६२६ साली पूर्ण झालेल्या क्रेगिव्हार किल्ल्यावरचा विसाव्या शतकातला सिमेंट गिलावा २००० नंतरच्या दशकात उतरवून तिथेही चुना परत आला.

राहत्या घरांसाठी हे काम अजून महाग आहे. कडक सिमेंट दगड न फोडता काढणे, भिंत सुकू देणे, मग हंगाम पाहून थर देणे, यात वेळ जातो. आणि काही वर्षांनी पुन्हा पांढरा हात देण्याची घरमालकाची तयारी लागते. चुनाही आता घरचा राहिलेला नाही. या दुरुस्त्यांमध्ये वापरला जाणारा, पाण्यातही घट्ट होणारा चुना बराचसा फ्रान्समधून येतो.