गंगाजळी

रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी वाढली की घटली, ही बातमी दर आठवड्याला छापून येते. ती वाचताना मला आजीच्या देवघरातला तांब्याचा गडू दिसतो. ओंजळीत मावेल एवढा, झाकण डाख लावून बंद केलेलं. कानाशी हलवला की आत पाणी डुचमळायचं.

मूळची गंगाजळी ती. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी राखायचं भांडं. माणूस जाताना तुळशीपत्राबरोबर त्याच्या तोंडात घालायचं ते पाणी. आगगाडी येण्याआधी काशीला जाऊन यायला महिनेच्या महिने लागत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेसाठी उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तरी घरी आले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. अशा पाण्याचा थेंब तरी कोण वाया घालवील? यात्रेकरू परतला की गंगापूजन होई, मावंदं होई आणि गडू देवांशेजारी जाऊन बसे.

तिथे तो वर्षानुवर्षं असे, हे मला फार मोठं वाटतं. आजी देवांची उपकरणी चिंचेनं घासायची तेव्हा गडूही घासायची. “ही माझी हो, हात नाही लावायचा,” म्हणायची आणि त्याच दमात भाजी कोणती चिरू ते विचारायची. उसनी आणलेली वाटीभर साखर दुसऱ्या दिवशी परत गेलीच पाहिजे, अबोला सणापलीकडे टिकता कामा नये, हे तिचे नियम त्या गडूच्या शेजारानंच आले असावेत.

घसा कोरडा पडला तरी त्या पाण्याला हात लावायचा नाही, ते वेळेलाच काढायचं. याच शिस्तीपोटी राखीव पैशालाही गंगाजळी म्हणू लागले. आधी घराची, मग संस्थांची, पुढे देशाची. १९९१ साली ती जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं परदेशात गहाण पडलं, तेव्हा हा शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थापाशी जाऊन पोचला होता.

आजीच्या वेळी झाकण निघेना. काकांनी सुरीच्या टोकानं खरवडून काढलं. पाणी निम्मंही नव्हतं. पहिला चमचा ओठांवरून ओघळला, दुसरा आत गेला. काका तिसरा भरणार तोच उशाशी बसलेले आजोबा हळूच म्हणाले, “थोडं राहू दे रे.”