घरपट्टीची पावती आणि ई-क्लासवरचा शिपाई

माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली घेतला. तोपर्यंत ही सवलत शौर्यपदकधारक आणि विधवा अशा थोड्यांपुरती होती. ग्रामविकास खात्याचा नियम निराळा आणि नगरविकास खात्याचा निराळा होता. दोन्ही एकत्र करून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने एकच योजना झाली. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला आणायचा आणि एका घराचा कर माफ करून घ्यायचा, असा तिचा सरळ व्यवहार. लढाईत पाय गमावलेला जवान आणि धडधाकट निवृत्त झालेला हवालदार यांत ही योजना भेद करीत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शंभर टक्के अपंग ठरलेल्या सैनिकाच्या राहत्या घराचा कर २००९ पासून पूर्ण माफ आहे, आणि त्याहून कमी टक्केवारीला कमी सूट आहे. आपल्याकडे टक्क्यांचा हिशेब पेन्शनीत होतो, घरपट्टीत होत नाही. हे एका अर्थी बरेच झाले.

पण वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवरून मी या निर्णयाकडे पाहतो, तेव्हा त्यात काही गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. सैनिकाला घर असते, घराखालची जागा त्याच्या मालकीची असते, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये त्याचे नाव निर्वेधपणे लागलेले असते, अशी ती गृहीते आहेत. आमच्या शिपायाच्या बाबतीत ही तिन्ही एकत्र फार क्वचित आली. असे का झाले, हे पाहायचे तर मागे जावे लागते, आणि प्रथम वऱ्हाडाबाहेरही जावे लागते. कारण सैनिक म्हणून आपली पहिली मोठी नोंद झाली ती मुंबई इलाख्याच्या पलटणींत.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपण सर्व जाणतो. तिथल्या विजयस्तंभावर ज्यांच्या नावाच्या शेवटी 'नाक' आहे अशी बावीस नावे कोरलेली आहेत. गावात ज्याला नावाने हाक मारण्याचीही कोणी तसदी घेत नव्हते, त्याचे नाव दगडावर कोरले गेले, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती. त्याच स्तंभाच्या देखभालीसाठी १८२४ साली, त्याच लढाईत जखमी झालेल्या एका जमादाराची नेमणूक झाली. तो जमादार महार नव्हता. जायबंदी झालेल्या शिपायाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे तेव्हाही होता. बिहारमध्ये भागलपूरच्या बाजूला निकामी झालेल्या शिपायांना कंपनीने जमिनी देऊन वसवले आणि त्यांच्या हयातीत त्यांवर सारा घेतला नाही. तेव्हा सैनिकाला करमाफी ही कल्पना नवी नाही. तिच्यासाठी पायाखाली जमीन मात्र लागते.

मुंबई इलाख्यातल्या महार शिपायाच्या पायाखाली जी जमीन होती ती वतनाची. वतन म्हणजे मालकी नव्हे. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची, आणि त्या बदल्यात तुकडाभर जमीन कसायची. वर त्या तुकड्यावर जुडी नावाचा कर भरायचा. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. म्हणजे पलटणीत सुभेदार झालेला माणूस रजेवर गावी आला की पुन्हा वतनाचा बांधील होई.

ज्यांना हे नको होते ते गावी परतलेच नाहीत. ते दापोलीसारख्या ठिकाणी, पेन्शनरांच्या वस्तीत राहिले. गोपाळबाबा वलंगकर तिथेच राहिले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. आणि इथेच शिपायाची स्थानिक संस्थेशी पहिली झुंज झाली. १८९२ च्या सुमारास दापोलीच्या महार पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मागितला. अर्जांमागून अर्ज झाले, कलेक्टरपर्यंत गेले. शेवटी मुलांना जागा मिळाली ती वर्गात नव्हे, व्हरांड्यात! बापाला सरकार पेन्शन देत होते. मुलाला नगरपालिका आत घेत नव्हती. माझ्या मते घरपट्टीचा प्रश्न समजून घ्यायचा तर त्या व्हरांड्यापासून सुरुवात करावी लागते. वरचे सरकार सैनिकाला जे देते, ते गावच्या कारभाऱ्यांच्या हातून जाताना किती उरते, हा तो प्रश्न आहे.

त्याच वर्षांत लष्कराचे दारही बंद झाले. लढवय्या आणि बिनलढवय्या जाती अशी वाटणी इंग्रज सेनापतींनी केली, आणि १८९२-९३ पासून महारांची भरती थांबली. वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली, आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. त्यानंतर वर्षभरातच, २१ मार्च १९२२ च्या अधिसूचनेने, सैनिकांची अपंगत्वाची पेन्शन प्राप्तिकरातून मुक्त झाली. ही सवलत आजही आहे. २०१९ साली प्राप्तिकर खात्याने ती अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्यांपुरती आहे असे बजावले. १९२२ च्या त्या कागदात जात नाही. पण ज्यांची पलटणच नुकती मोडली होती, त्यांच्यातल्या नव्या पोरांना त्या कागदाचा उपयोग तो काय?

दापोलीचा व्हरांडा महाडला तळ्याच्या काठावर आला. सार्वजनिक निधीवर चालणारी पाणवठे, शाळा, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केले ते कागदावर. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायला गेले तेव्हा त्या कागदाची किंमत कळली. त्या परिसरात निवृत्त महार शिपायांची वस्ती दाट होती, आणि रांगेत चालणे त्यांना शिकवावे लागले नसेल. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्राचीन रूढी सिद्ध होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले १९३७ साली. पालिकेच्या एका ठरावातून पाण्याची एक ओंजळ खरी व्हायला तेरा वर्षे लागली.

आता वऱ्हाडाकडे येतो. वाशिम हा एके काळी बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून मुलूख अकोला आणि यवतमाळात वाटला गेला. सध्याचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघाला. शेजारच्या हिंगोलीला निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. तरी आमच्याकडच्या घराघरांतून शिपाई निघाला तो १९४१ नंतर. बाबासाहेब त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली. दुसरी कामठीला झाली. कामठी आम्हाला बेळगावासारखी परकी नव्हती. आमच्या बाजूची तरुण पोरे भरती व्हायला निघाली ती कामठीच्या वाटेने.

ते परतले तेव्हा गावात कायदा बदलत होता. १९४६ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा पंचायत कायदा, आणि त्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीला इमारतींवर कर बसवण्याचा अधिकार दिला. तीच आपली घरपट्टी. रक्कम किरकोळ असते, पण तिच्या आधाराने चालणाऱ्या गोष्टी किरकोळ नाहीत. कलम १४ असे सांगते की बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या किती माणसांना या कलमाची भीती दाखवली जाते, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. त्याच कलमात पुढे शासकीय जागेवर अतिक्रमण करणाराही अपात्र ठरतो. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की मूळ अतिक्रमण दुसऱ्या कोणी केले असले, तरी त्या जागेत राहून तिचा उपभोग घेणारे कुटुंबीयही त्यात येतात. कायद्याचा हेतू सार्वजनिक जमीन वाचवण्याचा असेल. तो मला नाकारायचा नाही. पण गावठाणात ज्यांना जागाच सोडली गेली नाही, त्यांनी राहायचे कुठे होते?

ते राहिले ई-क्लासवर. वऱ्हाडात गायरानाला हेच नाव आहे. शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा 'ई-क्लास' म्हणतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोकांनी तुरुंग भरले. मागणी होती पडीक आणि गायरान जमिनीची. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. राहत्या घरांसाठी तसा निर्णय २०१८ साली झाला, १ जानेवारी २०११ ची मर्यादा धरून. मग २०२२ साली उच्च न्यायालयाने गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, आणि वस्त्यांवर नोटिसांची चर्चा सुरू झाली. या सगळ्या चढउतारात माणसाला सिद्ध करावे लागते ते एकच: मी इथे केव्हापासून राहतो. सातबारा नाही, खरेदीखत नाही. असते ती घरपट्टीची पावती. ग्रामपंचायत अशा घरांवरही कर बसवते आणि नोंदीपुढे 'अतिक्रमण' असा शेरा मारते. त्या पावतीने मालकी मिळत नाही हे खरे. पण ती नसली तर काहीच नसते.

माझे एक मामा या जागी उभे आहेत. महार रेजिमेंटचे जवान. १९७१ च्या लढाईत उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राने त्यांना पाय दिला, लष्कराने अपंगत्वाची पेन्शन दिली. ती दर महिन्याला त्यांच्या नावावर न चुकता येते. पाय लढाईतच गेला असल्यामुळे त्यांना कोणाशी भांडावे लागले नाही. छावणीत आजारी पडून घरी पाठवलेल्यांचे तसे नसते. आजार सेवेमुळे झाला नाही वा वाढलाही नाही, असे वैद्यकीय मंडळाने लिहिले की अपंगत्वाची पेन्शन गेली. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतूनच आला असे मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले. पण खेड्यातल्या जवानाला दिल्लीतल्या निकालापर्यंत कोण नेणार? दहा वर्षे भरण्याआधी बाहेर पडलेल्याला निकामी-पेन्शनही मिळत नसे. ती अट सुटली २०२० साली, आणि तीही ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठीच.

तर मामांचे घर ई-क्लासवर. चाळीसहून अधिक वर्षांच्या पावत्या त्यांनी लष्करी पेटीत, डिस्चार्ज बुकाच्या खाली, वर्षवार लावून ठेवल्या आहेत. घरपट्टी माफ झाल्याची बातमी मी मोठ्या आनंदाने त्यांना सांगितली, तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "पट्टी माफ करू दे बापू, पन पावती नोको माफ करू म्हना. पावती हाय त मी हाव."

मी त्यांना समजावले की माफी मिळाली तरी नमुना आठमधली नोंद पुसली जात नाही. त्यांना ते पटले, पण पुरेसे वाटले नाही. नमुना आठ ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो, पावती आपल्या पेटीत असते, एवढा साधा फरक त्यांनी मला दाखवला. कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते त्यांना आयुष्यभर ठाऊक आहे. शिवाय माफीचा अर्ज करताना घर स्वतःच्या मालकीचे असल्याचे लिहावे लागेल, आणि ते लिहिले की शेऱ्याच्या रकान्यातल्या 'अतिक्रमण' या शब्दावर कोणाचे तरी बोट पडेल, ही धास्ती निराळीच. अपंग सैनिकाला सन्मानाने मिळायची ती सवलत त्याने स्वतःहून मागायला घाबरावे, इथपर्यंत गोष्ट येते.

माझ्या मते यावर उपाय फार अवघड नाही. माफी दिलेल्या घरालाही दर वर्षी शून्य रकमेची पावती मिळावी, तीवर मूळ आकारणी आणि 'माजी सैनिक म्हणून माफ' असे दोन्ही लिहिलेले असावे. आणि ज्या माजी सैनिकाचे वा विधवेचे घर शासकीय जागेवर आहे, त्याचा माफीचा अर्ज आणि जागा नियमानुकूल करण्याचा अर्ज एकाच वेळी, एकाच ठिकाणी घ्यावा. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला दोन्हींना चालावा.

मामांनी गेल्या मार्चमध्ये अर्ज दिला. माफी मागितली आहे, आणि खाली स्वतःच्या अक्षरात, नंबर आणि हुद्दा लिहून, पावती दर वर्षी मिळावी असेही मागितले आहे. ग्रामसेवकाने अर्ज ठेवून घेतला. पोच मिळेपर्यंत मामा तिथून उठले नाहीत. तेवढ्या वर्षाची घरपट्टी त्यांनी त्याच दिवशी भरून टाकली.