प्रयोग विद्यार्थ्यांचा, चित्रफीतही विद्यार्थ्यांचीच

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रयोगशाळेला मानाचे स्थान असले, तरी प्रत्यक्षात तेथील तासाला अनेकदा विधीचे रूप येते. फळ्यावर सूत्र लिहिले जाते, चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटातील एखादा उपकरण हाताळतो, उरलेले आकडे उतरवून घेतात आणि सत्राच्या अखेरीस प्रात्यक्षिक वही सही-शिक्क्यासाठी रांगेत येते. वहीतील निरीक्षणे स्वतःची की शेजाऱ्याची, हे तपासण्याचे साधन परीक्षकाकडे तोंडी परीक्षेपलीकडे फारसे नसते. या रूढ पद्धतीवर जगातील काही विद्यापीठांनी शोधलेला उपाय म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या प्रयोगाची स्वतःच तयार केलेली चित्रफीत. शिक्षकाने दाखवलेली फीत विद्यार्थी पाहतो. येथे मात्र तो फीत घडवतो. हा फरक लहान दिसत असला, तरी शिक्षणाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेल्या बपेरासारख्या गावाच्या दृष्टीने या उपायाचा विचार करणे उपयुक्त ठरते. वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांच्या या परिसरात धानशेती हा मुख्य व्यवसाय आहे. पलीकडे बालाघाट जिल्हा असल्याने मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही बोली येथील कानांना सरावाच्या आहेत. विज्ञानाच्या पदवीसाठी मात्र गावाबाहेर पडून तुमसर किंवा भंडाऱ्याच्या महाविद्यालयाची वाट धरावी लागते. ही महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, ते १९२३ साली स्थापन झालेले आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणारे नागपूर विद्यापीठ होय. गाडी चुकली की प्रात्यक्षिकाचा तास बुडतो आणि बुडालेला प्रयोग घरी करता येत नाही, ही सीमेवरील गावांची जुनी अडचण आहे.

कल्पनेचा उगम

शिकवल्याने शिकणे पक्के होते, हा अनुभव भारतीय परंपरेला नवा नाही. पाठशाळेतील ज्येष्ठ विद्यार्थ्याने धाकट्याला धडा सांगण्याची पद्धत त्याच जाणिवेतून आली. आधुनिक काळात जर्मनीतील ज्याँ-पोल मार्तँ यांनी १९८०च्या दशकात ‘शिकवण्यातून शिकणे’ ही पद्धत भाषाशिक्षणात रुजवली. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझुर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावून सांगण्याच्या पद्धतीचा आग्रह धरला. चित्रफीत ही याच विचाराची पुढची पायरी आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की ‘हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यावे लागते आणि तेथे पाठांतर लगेच उघडे पडते.

साधनांच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत मोठे स्थित्यंतर झाले. २००५ साली यूट्यूब सुरू झाले, तेव्हा चित्रण करणे, त्याची काटछाट करणे आणि ते इतरांपर्यंत पोहोचवणे ही तीन वेगवेगळी आणि खर्चीक कामे होती. २०१६ नंतर भारतात मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि ही तिन्ही कामे खिशातल्या एकाच यंत्राने होऊ लागली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडल्या, तेव्हा प्रात्यक्षिकांसाठी चित्रफितींचा आधार घ्यावा लागला. त्या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली. दुसऱ्याने केलेला प्रयोग पडद्यावर पाहणे हे हाताने प्रयोग करण्याला पर्याय ठरू शकत नाही.

विद्यापीठांचे अनुभव

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्राथमिक वर्गांसाठी पिपेट हाताळण्याची चाचणी चित्रफितीद्वारे घेण्यात आली. मार्सी टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थी पिपेट भरताना प्रत्येक कृती बोलून दाखवतो, सहाध्यायी त्याचे चित्रण करतो, शिक्षक फीत पाहून उणिवा कळवतात आणि कौशल्य साधले की विद्यार्थ्याला संगणकीय बिल्ला मिळतो. वर्गात शेकडो विद्यार्थी असताना प्रत्येकाचा हात शिक्षकाने जवळून पाहणे अशक्य असते. चित्रफितीने ते शक्य केले.

एडिंबरा विद्यापीठात मायकेल सीरी आणि सहकाऱ्यांनी, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात, याला सहाध्यायी-परीक्षणाची जोड दिली. विद्यार्थी आधी नमुना फीत पाहतो, मग जोडीदारासमोर कृती करून दाखवतो आणि जोडीदार तपासणी-पत्रकानुसार चुका दाखवतो. त्यामुळे दोघेही शिकतात. करणारा शिकतोच, पण पाहणाऱ्यालाही नेमके काय पाहायचे हे ठरवावे लागते.

भौतिकशास्त्रातील उदाहरण जॉर्जिया टेक या संस्थेचे आहे. मायकेल शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली घेतलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी भोवतालच्या वस्तूंच्या गतीचे मोबाइलवर चित्रण केले, संगणकावर तिचे मापन केले आणि लेखी अहवालाऐवजी चित्रफितीचा अहवाल सादर करून एकमेकांचे मूल्यमापनही केले. गतीच्या मापनासाठी डग्लस ब्राउन यांनी विकसित केलेली ‘ट्रॅकर’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे टिपत असेल, तर एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर येईपर्यंत, म्हणजे सुमारे ०.४५ सेकंदात, १३ ते १४ चित्रे मिळतात. मंदगती चित्रणात सेकंदाला २४० चित्रे घेता आली, तर हीच संख्या शंभराच्या वर जाते. त्यांवरून गुरुत्वत्वरण काढता येते आणि त्यासाठी महागड्या उपकरणाची गरज भासत नाही.

महाराष्ट्राचा वारसा

महाराष्ट्राला या बाबतीत कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागणार नाही. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता, अशोक रूपनेर आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या वैज्ञानिक खेळण्यांच्या अतिशय छोट्या चित्रफितींचा मोठा संग्रह उभा केला आणि तो मराठीसह अनेक भाषांत खुला केला. गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून भूमितीचे आकार घडवणाऱ्या या परंपरेचा धडा असा की, चित्रफितीचे यश झगमगाटात नसून एकच कल्पना नेमकेपणाने दाखवण्यात असते.

मुंबई आयआयटीचा, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संगणक प्रणालींचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ तयार करून त्यांचे निवेदन मराठीसह विविध भारतीय भाषांत देण्याची पद्धत तेथे विकसित झाली. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान शिक्षण अभियानातून साकारलेल्या आभासी प्रयोगशाळांनीही उपकरणांच्या टंचाईवर एक मार्ग दाखवला. या सर्व उपक्रमांत साहित्य तज्ज्ञांनी तयार केले आणि विद्यार्थ्यांनी वापरले. आता निर्मितीचे सूत्र विद्यार्थ्याच्या हाती जाणे, ही त्यापुढची स्वाभाविक पायरी ठरेल.

तुमसरचे मँगनीज आणि जांभळा थेंब

बपेऱ्याच्याच तालुक्यात चित्रफितीसाठी एक उत्तम विषय जमिनीत दडलेला आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून मिळणारे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज विजेऱ्यांच्या उद्योगात वापरले जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हेच मूलद्रव्य प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात भेटते.

ऑक्झॅलिक आम्लाचे परमँगनेटने अनुमापन हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून द्रावण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ लावतात. पुढचे मात्र पडताक्षणी नाहीसे होतात. कारण अभिक्रियेतून निर्माण होणारे मँगनीजचे आयन स्वतःच तिचा वेग वाढवतात. वहीत या घटनेला एखाद्या ओळीचीही जागा मिळत नाही. चित्रफितीत मात्र पहिल्या आणि दहाव्या थेंबाचा रंग जाण्यास लागलेला वेळ शेजारी-शेजारी दाखवता येतो आणि स्वयंउत्प्रेरण ही संज्ञा डोळ्यांसमोर उभी राहते. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमधील पातळी खालच्या कडेऐवजी वरच्या कडेने वाचायची असते, हेही शब्दांपेक्षा चित्रातून लवकर कळते.

चुकलेला प्रयोगही येथे धडा देतो. आम्ल कमी पडले तर शंकुपात्रात तपकिरी गढूळपणा दिसतो. रूढ पद्धतीत असे द्रावण गुपचूप ओतून दिले जाते. हा तपकिरी पदार्थ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात असतो तोच. विद्यार्थ्याने ही चूक टिपून तिचे कारण सांगितले, तर गावाजवळची खाण, विजेरी आणि प्रयोगशाळा एका सूत्रात गुंफली जातात. पुढच्या वर्गात खनिजातील मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण काढण्याचा प्रयोगही करता येतो. ज्ञात प्रमाणातील जादा ऑक्झॅलिक आम्लाशी खनिजाची अभिक्रिया घडवायची आणि उरलेले आम्ल परमँगनेटने मोजायचे, अशी त्याची रीत आहे.

जीवशास्त्रालाही विषयांची वाण नाही. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात, चांदपूर जलाशयाच्या परिसरात, पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा टेकवला की शैवाल आणि सूक्ष्मजीवांचे जग टिपता येते.

आखणी कशी असावी

अशा उपक्रमाचे यश आखणीवर अवलंबून असते. चित्रफीत तीन ते पाच मिनिटांची, एकाच कौशल्याला किंवा कल्पनेला वाहिलेली असावी. चित्रणापूर्वी गटाने एक पानाची संहिता लिहून शिक्षकांना दाखवावी, कारण खरा अभ्यास तेथेच होतो. प्रयोग करणे, चित्रण करणे, निवेदन करणे आणि आकडेमोड करणे ही कामे फिरती ठेवली नाहीत, तर धीट विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर आणि लाजाळू विद्यार्थी भांडी धुण्याच्या कामाला, असे चित्र दिसू लागते. मुलींकडे केवळ निवेदन आणि मुलांकडे उपकरणे, ही विभागणीही जाणीवपूर्वक टाळावी लागते.

गुणदानात वैज्ञानिक अचूकता, कृतीतील कौशल्य, कारणमीमांसा आणि सुरक्षितता यांना महत्त्व द्यावे; संगीत, सजावट व झळाळीला नव्हे. निवेदन मराठीत किंवा हिंदीत करण्याची मुभा असावी. पोवारीत समजावून सांगणारा विद्यार्थी विज्ञानात कमी पडतो असे मानण्याचे कारण नाही. पारिभाषिक संज्ञा मात्र नेमक्या वापरल्या पाहिजेत.

मर्यादा आणि धोके

या पद्धतीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. पहिली मर्यादा वेळेची आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास मिळतात. प्रत्येक प्रयोगाची फीत करायची म्हटले, तर प्रयोगच मागे पडतील. सत्रातून एक किंवा दोन फिती पुरेशा आहेत. दुसरी मर्यादा साधनांची. प्रत्येकाकडे चांगला मोबाइल असेलच असे नाही. म्हणून गटाला एक यंत्र आणि चित्रफीत जमा करण्याची सोय महाविद्यालयाने पुरवावी, अन्यथा गुण विद्यार्थ्याला न मिळता मोबाइलला मिळतील.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ज्योत, आम्ल आणि मोबाइल एकाच हातात असता कामा नयेत. चित्रण करणाऱ्याने प्रयोगाला हात लावू नये आणि सर्वांनी संरक्षक चष्मा वापरावा, एवढा नियम तरी काटेकोर हवा. चौथा प्रश्न खासगीपणाचा. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. विद्यार्थ्याच्या, विशेषतः विद्यार्थिनीच्या, चेहऱ्याची फीत संमतीशिवाय महाजालावर टाकणे अयोग्यच आहे. केवळ हात आणि आवाज टिपूनही उत्तम फीत होऊ शकते.

शेवटचा धोका अधिक सूक्ष्म आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात असे आढळले की, सरळ-सोप्या स्पष्टीकरणाच्या फिती पाहून विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढतो, पण समज फारशी वाढत नाही. प्रचलित गैरसमज मांडून ते खोडून काढणाऱ्या फिती मात्र गोंधळात टाकूनही अधिक शिकवतात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या फितीतही ‘आम्हाला आधी काय वाटले आणि प्रत्यक्षात काय घडले’ हा भाग अनिवार्य असावा.

प्रयोगशाळेचे प्रयोजन विद्यार्थ्याने निसर्गाला स्वतः प्रश्न विचारावा आणि मिळालेल्या उत्तराची जबाबदारी घ्यावी, हे आहे. उतरवून घेतलेल्या वहीत ही जबाबदारी हरवते. स्वतःच्या हातांनी केलेल्या आणि स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या प्रयोगात ती टाळता येत नाही. शहरातील सुसज्ज महाविद्यालयाला हा उपक्रम म्हणजे एक नवा प्रयोग वाटेल. बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावातून गाडी पकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तो आपला हात, आपली भाषा आणि आपल्या मातीतील खनिज यांना विज्ञानात स्थान मिळवून देणारा मार्ग ठरू शकतो. त्यासाठी लागणारे यंत्र बहुतेक घरांत पोहोचलेले आहे. आता प्रात्यक्षिकाच्या वेळापत्रकात त्याला जागा मिळणे बाकी आहे.